जुन्या वस्तूंचा नाद आणि मराठवाडा: खरेदीपासून साफसफाईपर्यंत या चुका टाळा

जुन्या वस्तूंचा नाद लागला की माणूस आठवड्याचे वार बाजारांवरून मोजायला लागतो. रविवार छत्रपती संभाजीनगरच्या जाफर गेटचा, मधल्या वारी जमलं तर लातूरच्या गंजगोलाईत एक चक्कर, आणि उदगीरला कुणाचं लग्न निघालं की पाय पुढे बिदरकडे वळतातच. घरचे वैतागतात, ते सोडा. पैसा वाया जातो तो बहुतेक दोन ठिकाणी. वस्तूवर काय लिहिलंय ते न वाचताच ती घेतली जाते, आणि घरी आणल्यावर ती घासून चकाचक केली जाते.

नाण्यावरचा सन इसवी समजणे

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या वाड्यांतल्या ट्रंकांमधून चारमिनार छापाची नाणी हमखास निघतात. त्यांवर सन हिजरी असतो. विक्रेता १३३७ वाचून दाखवतो आणि ‘साहेब, सातशे वर्षं जुना माल’ म्हणतो. प्रत्यक्षात ते नाणं १९१८-१९ मधलं. अंदाज घ्यायची रीत सोपी आहे: हिजरी सनाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा.

अंक अरबी-फारसी लिपीतले असतात, तेही नीट पाहावे लागतात. शून्य म्हणजे नुसता टिंब, आणि आपल्याला शून्य वाटतं तो बहुधा पाच असतो. सात वर तोंड उघडतो, आठ खाली. नाणं उलटं धरलं की सातचा आठ व्हायला वेळ लागत नाही. चारमिनारच्या कमानीत त्याच लिपीतलं एक अक्षर असतं, तेही बघा. ‘मीम’ असेल तर नाणं सहावा निजाम मीर महबूब अली खानचं, ‘ऐन’ असेल तर शेवटच्या निजामाचं, म्हणजे १९११ नंतरचं.

दुसरी गफलत भावात होते. जुनी माणसं निजामाच्या रुपयाला हाली आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. आज दोन्ही ‘चांदीचा जुना रुपया’ म्हणून एकाच ढिगात पडलेले दिसतात. चारमिनार रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के. १९४० च्या आधीचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. त्या काळी सुमारे सात हालीला सहा कलदार असा बट्टा चालायचा. आकडे मांडून बघा, सात हालींत ६४ ग्रॅम चांदी भरते आणि सहा कलदारांतही जवळपास तेवढीच. म्हणून खिशात छोटा डिजिटल काटा ठेवा. वजन अर्ध्या ग्रॅमने चुकत असेल तर मालाची कितीही तारीफ झाली तरी नाणं परत ढिगात ठेवा.

कागदपत्रांत गोंधळ आणखी वाढतो. निजामाच्या महसुली कागदांवर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवायचे. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. मराठी कागदावर शक असेल तर ७८ मिळवा. एकाच घरातल्या एकाच पेटीत हिजरी, फसली आणि शक असे तिन्ही सन निघू शकतात. त्यामुळे आकडा दिसला की आधी कागद कुठल्या कचेरीचा आहे ते विचारा.

चिंच, लिंबू आणि बफिंग

नाणं चिंचेत बुडवून घासलं की ते चमकतं, आणि त्याच क्षणी जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतं. शंभर वर्षांत बसलेला काळसर पापुद्रा गेला की तो परत येत नाही, वर बारीक ओरखडे कायमचे राहतात. माती असेल तर साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

पितळेच्या भांड्यांचं थोडं वेगळं आहे. ती घासायचीच असतात, आजीही घासायची. पण बफिंगच्या मशीनवर देऊ नका. घागरीच्या गळ्याशी, तांब्याच्या काठावर ठिपक्यांनी नाव घातलेलं असतं: कुणाच्या लग्नात कुणी दिलं, गाव, कधी कधी सालही. मोडीच्या भावात घेतलेल्या घागरीला संग्रहात जागा मिळते ती या ठिपक्यांमुळे, आणि मशीन सगळ्यात आधी नेमके तेच खाते. भांडं स्वयंपाकात वापरणार असाल तर आतून कल्हई करून घ्या. तळाला किंवा सांध्याला झाळून डाग दिलेला असेल तर आंबट काही शिजवू नका.

बिदरीचा तर दरवेळी जीव जातो. ती जस्त आणि थोड्या तांब्याची असते, वर चांदीची तार बसवलेली, आणि काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने आलेला. पितळेची पावडर लावली की काळेपणा उतरतो आणि चांदीची नक्षी करड्या पृष्ठावर हरवून जाते. कोरडं मऊ कापड, फार तर खोबरेल तेलाचं बोट, एवढंच.

ग्रामोफोन आणि रेडिओ

चकचकीत पातळ पितळी कर्णा, नव्या लाकडाचं खोकं आणि कुत्र्याच्या चित्राचा स्टिकर असा ग्रामोफोन दिसला तर तो दिवाणखान्यात ठेवायला केलेला नवा माल आहे. आवडला तर घ्या, पण जुन्याचा भाव देऊ नका. खऱ्या यंत्राची परीक्षा अशी: तबकडीवर कागदाची चिठ्ठी ठेवा आणि फेरे मोजा. वीस सेकंदांत २६ झाले तर मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग बरोबर आहे. रेकॉर्ड निम्म्यावर आल्यावर चाल मंदावत असेल, किंवा आतून धप धप आवाज येत असेल, तर स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस वाळलंय. तो डबा घरी उघडू नका. स्प्रिंग सुटली तर हात फाडते.

पोलादी सुई रेकॉर्डच्या एकाच बाजूला वापरायची, मग बदलायची. कंजूषपणा केला तर सुईऐवजी रेकॉर्ड झिजते. ७८ च्या रेकॉर्ड लाखेच्या असतात, त्या स्पिरिटने पुसल्या तर विरघळतात. आणि मे महिन्यात बाजारातून घेतलेल्या रेकॉर्डी गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला बसू नका. बेचाळीस अंशांत डिकीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. रेकॉर्डी बाहेर येतात तेव्हा ताटलीसारख्या वाकलेल्या असतात. घरी त्या उभ्या ठेवाव्यात, थप्पी लावू नये.

व्हॉल्व्हचा रेडिओ आणल्या आणल्या थेट प्लगला लावणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई. वर्षानुवर्षं पडून राहिलेले कपॅसिटर फुटतात, सोबत ट्रान्सफॉर्मर जातो. साठ किंवा शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब सिरीजमध्ये लावून बघा. बल्ब लख्ख पेटला आणि तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. काही सेटच्या चेसिसमध्येच करंट असतो, म्हणून मागचं झाकण काढून हात घालणं मेकॅनिकलाच करू द्या. सेट चालू झाला पण गुणगुणतोय, तर फिल्टरचे कपॅसिटर गेलेत. नुसती खरखर येत असेल तर सेटला दोष देण्याआधी घरातले एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर बंद करून बघा. मीडियम वेव्हवरची निम्मी खरखर त्यांचीच असते.

एचएमटी घड्याळांबद्दल एवढंच: सत्तरच्या दशकातलं घड्याळ आणि डायल मात्र लाल-हिरवी, कोरी करकरीत असेल, तर ती नंतर रंगवलेली आहे.

कागद आणि कापड

मोडी किंवा फारसी कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिक कागदाला उष्णतेने चिकटतं आणि काढताना कागद सोबत येतो. सेलोटेपही नको. पैठणी आणि हिमरू धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, घडी अधूनमधून बदला, आणि डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. लाकडी पेटी आणलीत तर पावसाळाभर बाहेरच्या पडवीत ठेवा. खाली पिवळट भुगा पडत असेल तर भुंगा जिवंत आहे. अशी पेटी घरात नेली तर उरलेलं फर्निचरही जातं.

कायद्याकडे काणाडोळा

तेर, पैठणच्या शिवारात पावसानंतर मणी, मातीच्या मूर्ती, नाणी वर येतात, आणि पोरं ती रस्त्यावर विकायला आणतात. घेऊ नका. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव कलेक्टरला कळवावी लागते, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. तेरच्या सरकारी संग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांचा संग्रह आहे, गावच्या मातीतल्या वस्तू गावातच राहिलेल्या. असं काही हाती आलं तर तिथे दाखवावं.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि महत्त्वाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. जुन्या मूर्ती आणि सचित्र पोथ्यांची नोंदणी करावी लागते, आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला पणजोबांची पोथी कुरिअर करायची हौस असेल तर ती इथेच आवरा. रेल्वेचे पितळी कंदील, घंटा, सिग्नलचे दिवे घेताना लिलावाची पावती मागा. परभणी, पूर्णा, लातूरकडे असा माल फिरतो आणि देणारा ‘रुळांच्या रुंदीकरणाच्या वेळचा आहे’ म्हणतो. तसा असेलही. पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि चौकशी ज्याच्या कपाटात कंदील आहे त्याची होते. पावती नसेल तर फोटो काढा आणि पुढच्या दुकानाकडे वळा.