पिकअपचं अलाइनमेंट: पुढे सगळं हिरवं, तरी स्टेअरिंग वाकडं

टो, कॅम्बर, कॅस्टर म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितोय (नसेल तर थोडक्यात: टो म्हणजे वरून बघितल्यावर चाक किती आत किंवा बाहेर वळलंय, आत असेल तर प्लस; कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाकाचा कल; कॅस्टर म्हणजे बाजूने बघितल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल). मलाही ते पाठ होतं, तरी पहिल्याच वर्षी एका पिकअपने मला असं काही रडवलं की अजून आठवलं की छातीत धस्स होतं.

कारवर हात बसला की पिकअप सोपी वाटायला लागते, कारण मागे फिरवायला काहीच नसतं. एक अख्खा एक्सल, दोन बाजूला पाटे (लीफ स्प्रिंग), यू बोल्टने आवळलेले, संपलं. आमचे सीनियर म्हणायचे की मागे नट नाही तर मागे क्लॅम्प (चाकावर सेन्सर धरणारे) लावून वेळ कशाला घालवतोस, आणि मी ते डोळे झाकून मानलं. शिकवणाऱ्याचा आदर ठेवाच, पण जो माणूस "का" विचारल्यावर चिडतो त्याच्याकडून हात शिका, डोकं दुसरीकडून शिका, हे माझं ठाम मत आहे.

तर ती पिकअप. पुढचे बॉल जॉइंट, टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) एंड चेक केले, प्ले म्हणजे ढिलेपणा नव्हता. हवा बरोबर. कॅस्टर, मग कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी, कारण आधीचं काहीही हलवलं की टो बदलतोच. मशीनच्या स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे मर्यादेत. रोडवर घेतली तर गाडी सरळ चाललीय पण स्टेअरिंग उजवीकडे झुकलेलं. परत आणली, स्टेअरिंग लॉक केलं, परत हिरवं, परत तेच. सीनियर म्हणाले स्टेअरिंग व्हील काढून एक दाता फिरवून बसव. हे कधीच करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. स्टेअरिंगचा मधला पॉइंट हलतो, दोन्ही बाजूला फेरे सारखे राहत नाहीत, ज्या गाडीत अँगल सेन्सर आहे तिथे त्याचा झिरो चुकतो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. मी ते केलं नाही, पण केलं ते त्याच्याहून बरं नव्हतं. एक टाय रॉड थोडा आत, दुसरा तेवढाच बाहेर, अंदाजाने, स्टेअरिंग सरळ झालं आणि गाडी देऊन टाकली. टोटल टो तोच राहिला म्हणून टायरही तक्रार करणार नव्हते.

तीन आठवड्यांनी तो माणूस परत आला, म्हणाला मागून येणारे सांगतात की तुझी गाडी तिरकी चालतेय. तेव्हा पहिल्यांदा मागे क्लॅम्प लावले. मागे डावा टो प्लस 0.30 डिग्री, उजवा मायनस 0.30, टोटल 0.00. (दशांशातले 0.30 म्हणजे 18 मिनिटं, 30 नाही, इथे पण गल्लत होते.) नुसता टोटल बघितला असता तर परत "ओके" म्हणालो असतो. इथे नीट थांबा. अख्ख्या एक्सलवर एक प्लस आणि दुसरा तेवढाच मायनस म्हणजे एक्सलच तिरका बसलाय. त्यातून निघतो थ्रस्ट अँगल, डाव्यातून उजवा वजा करायचा आणि अर्धा करायचा, म्हणजे इथे 0.30. मागची चाकं गाडीला त्या तिरक्या रेषेत ढकलतात, ड्रायव्हर सरळ जायला पुढची चाकं तेवढीच वळवून धरतो, आणि तेच तुम्हाला वाकडं स्टेअरिंग म्हणून दिसतं. पुढचं सेटिंग चुकलेलंच नसतं. 3100 मिलिमीटर व्हीलबेसला एवढ्याने मागचा भाग साधारण 16 मिलिमीटर बाजूला चालतो. आणि एक्सल किती सरकलेला असतो? दोन पाट्यांमधलं अंतर 1100 धरलं तर एका बाजूने जेमतेम 6 मिलिमीटर. नुसत्या डोळ्याला नाही दिसत.

टेपने दिसतं. पाट्याच्या पुढच्या हँगर बोल्टपासून (जिथे पाटा चेसिसला जोडलेला असतो) एक्सलपर्यंत दोन्ही बाजूला मोजा. पुढच्या चाकापासून मोजू नका, तिथे कॅस्टरमधला फरक मिसळतो. आमच्या त्या गाडीत एका बाजूचे यू बोल्ट ढिले होते, त्यामुळे सगळा जोर सेंटर बोल्टवर आला आणि तो तुटला होता. एक्सलला जागेवर धरणारा बोल्ट तुटलेला, आणि तो माणूस तीन आठवडे लोड भरून फिरला, ब्रेक मारत. मी दिलेल्या गाडीत. काही झालं नाही, पण हे मला अजून टोचतं.

घाबरून जाऊ नका पण, प्रत्येक वाकडं स्टेअरिंग एवढं गंभीर नसतं. बऱ्याचदा टाय रॉडच कमीजास्त असतात आणि दहा मिनिटांत होतं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढचे दोन टायर अदलाबदल करा, ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. कॅस्टरचे आकडे सुरुवातीला कोणालाच कळत नाहीत, सहा महिने द्या, कळतात. फक्त पिकअपला लक्षात ठेवा की मागे माल भरला की मागचा भाग बसतो, चेसिस मागे झुकते आणि कॅस्टर वाढतो, म्हणून गाडी कंपनीने सांगितलेल्या वजनावर आणि उंचीवर आहे का ते बघूनच रीडिंग घ्या, आणि जॅकवरून उतरवल्यावर दोन्ही टोकं दाबून सस्पेन्शन बसू द्या.

त्या गाडीला सेंटर बोल्ट नवीन, यू बोल्टही नवीनच (जुने ताणलेले असतात, परत वापरू नका), बोल्टचं डोकं एक्सलच्या पॅडमधल्या भोकात नीट बसलंय हे बोट लावून बघितलं, गाडी चाकांवर उभी करून टॉर्कने आवळलं. थ्रस्ट अँगल 0.02 आला. मग मी अंदाजाने फिरवलेले दोन्ही टाय रॉड परत फिरवून टो नव्याने लावला, आणि त्याला थोडे दिवस चालवून यू बोल्ट परत आवळायला बोलावलं. तो आला, तेव्हा एका बाजूचा नट पाव फेरा अजून बसला.