वॉकर, काठी, व्हीलचेअर: आधार देताना हात कुठे ठेवावा

खुब्याच्या ऑपरेशननंतर आजी वॉकर घेऊन पहिल्यांदा अमळनेरच्या आमच्या घराचा उंबरा ओलांडत होती. मी घाईने तिचा दंड धरला. तिचा तोल गेला, थोडक्यात वाचली. म्हणाली, "आधी माले ईचार, मंग हात लाव." तेव्हापासून मी आधी विचारतो: धरू का? कोणत्या बाजूने?

पहिलं काम उंचीचं. रोजची चप्पल घालून सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. वॉकरची किंवा काठीची मूठ मनगटाशी आली पाहिजे. वॉकरच्या पायांना बटणं असतात, ती दाबून उंची बदलते. चारही पायांची भोकं मोजून सारखी ठेवा; एक जरी चुकलं तरी वॉकर डुगडुगतो. दुकानातून आणला तसाच वापरणारे फार आहेत, आणि कंबर तिथेच वाकते.

खाटेवरून उठताना वॉकरला लटकू देऊ नका, तो अंगावर उलटतो. पाय मागे घ्यायचे, तळहात खाटेच्या कडेवर दाबून उठायचं, मग एकेक हात मुठीवर.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. ओट्याच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. तुम्ही नेहमी खालच्या पायरीवर: चढताना मागे, उतरताना पुढे. वॉकर पायऱ्यांवर नेऊच नका.

व्हीलचेअर तीव्र उतारावरून उलटी उतरवा, म्हणजे तुम्ही खाली आणि माणसाची पाठ तुमच्याकडे. उंबऱ्याला फळी टाकायची तर 1 इंच उंचीला 1 फूट लांबी धरा. 6 इंचांच्या उंबऱ्याला दोन-तीन फुटांची फळी म्हणजे खुर्ची उलटण्याची सोयच. बसवण्या-उठवण्याआधी दोन्ही ब्रेक लावा आणि पावठे (पाय ठेवायच्या पट्ट्या) वर करा. काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. कमरेला पट्टा बांधून तो धरा.

आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती काठीच्या रबराला चिकटते, ते घरात येताच पुसा आणि झिजलं की बदला. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या खुर्चीचे दांडे चटका देतात, फडकं गुंडाळा. शेताकडच्या रस्त्यावर बाभळीचा काटा ट्यूबमध्ये जातो, हवा कमी झाली की ब्रेक टायरवर नीट दाबला जात नाही. म्हणून रोज सकाळी रिकामी खुर्ची ब्रेक लावून ढकलून पाहा. हलली तर आधी हवा भरा, मग माणूस बसवा.