टेबल टेनिसच्या टेबलवर बॉल बसतोय? या चुका टाळा

पावसाळा सरत आला की आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये एकच तक्रार ऐकू येते, "बॉल उसळतच नाही!" मग कुणी नवे बॉल आणतं, कुणी रॅकेटचं रबर बदलतं. टेबल तपासायचं मात्र कुणाला सुचत नाही.

तपासायला फक्त एक फूटपट्टी लागते. टेबलचा पृष्ठभाग कुठल्याही मटेरियलचा चालतो, असं आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो. अट टप्प्याची आहे: 30 सेंटीमीटरवरून सोडलेला बॉल सगळीकडे सारखा, साधारण 23 सेंटीमीटर उसळला पाहिजे. पट्टी उभी धरा, बॉल नुसता सोडा, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपा. मधोमध, नेटजवळ आणि चारही कोपऱ्यांत हे करा. त्याआधी बॉलला चीर नाही ना ते बघा, नाहीतर टेबलला उगाच दोष लागेल.

आमच्याकडे मध्यभागी 23 भरले, खिडकीकडच्या कोपऱ्यात जेमतेम 19. आवाजही वेगळा. मधे खणखणीत 'टक्', कोपऱ्यात 'थप्प'. कडेवरून बोट फिरवलं तर फुगवटा हाताला लागत होता. पावसाची झड आत येऊन पार्टिकल बोर्ड फुगला होता. हा बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला लाकडाचा चुरा. पाणी शिरलं की कण फुगतात, पकड सुटते, आणि वाळल्यावरही ती परत येत नाही. टेबल उन्हात ठेवणं ही तर दुसरी चूक, त्याने बोर्ड वाकतो.

नवं घेताना लोक फक्त किंमत बघतात. 12 किंवा 16 मिलीमीटरचा बोर्ड टप्प्यासरशी थोडा दबतो, बॉलची ताकद तिथेच जिरते. स्पर्धेची टेबलं बहुधा 25 मिलीमीटरची असतात. पण खालची फ्रेम लेचीपेची असेल तर जाड बोर्डही थरथरतो, म्हणून फ्रेम हलवून बघाच.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे सुताराकडून जाड प्लायवूडचं टेबल करून त्यावर चकचकीत सनमायका लावणं. उंची मोजली तर टप्पा बरोबर येतो, म्हणून दोष लक्षातच येत नाही. पण गुळगुळीत पृष्ठभाग बॉलला पकडत नाही. टॉपस्पिनचा, म्हणजे पुढच्या दिशेने गिरकी घेत येणारा बॉल टप्प्यानंतर पुढे झेपावायला हवा, तो नुसता घसरतो. चॉप, म्हणजे उलटी गिरकी दिलेला बॉल, अडखळत नाही, सरळ निघून येतो. अशा टेबलवर वर्षभर घाम गाळलेली मुलं स्पर्धेच्या टेबलवर पहिल्याच गेममध्ये गोंधळतात, तेव्हा फार वाईट वाटतं. त्यांचा हात चुकलेला नसतो, त्यांना सवयच चुकीच्या टप्प्याची लागलेली असते. फर्निचरचं पॉलिश किंवा तेल लावल्यानेही हेच होतं. ओलसर फडकं घट्ट पिळून पुसा, लगेच कोरड्याने टिपा.

बॉल नेटजवळच वेडावाकडा उडत असेल, तर दोन भागांचा जोड तपासा. एक भाग किंचित वर असतो. पायांचे स्क्रू फिरवून, वर पाणसळ ठेवून दोन्ही भाग एका पातळीत आणा.

आमच्या त्या अर्ध्या भागाचा बोर्ड शेवटी बदलावाच लागला. आता जून लागला की टेबल खिडकीपासून सहा फूट आत सरकवतो, आणि खेळ संपला की दोन्ही भाग मिटून त्यावर सुती चादर टाकतो.