नागलीचे पापड विकायचेत? मग आधी उकड शिका

आम्ही नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडचे, कोकणा आदिवासी. आमच्याकडे नागली म्हणतात, तुम्ही नाचणी म्हणा, काही बिघडत नाही. घरी खायला पापड करणं वेगळं आणि दोनशे पाकिटं विकायला करणं वेगळं, हे मला दोन सीझन वाया घालवल्यावर कळलं. आणि इंटरनेटवर कुठेतरी "पीठ पाण्यात मळा आणि लाटा" असं लिहिलेलं दिसलं की डोकंच फिरतं, लिहिणाऱ्याने या पिठाला कधी हात तरी लावलाय का?

नागली पाड्यावरचीच घ्या, व्यापाऱ्यापेक्षा दोन पैसे जास्त देऊन. 2023 हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून शहरातली माणसं हिला सुपरफूड म्हणायला लागलीत, पण डोंगरउतारावर राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळून त्या जागेवर रोपं करणारी आणि भर पावसात चिखलात वाकून आवणी, म्हणजे रोपांची लावणी करणारी बाई तीच आहे, तिला त्याचा फायदा नको का? आणि बियाण्याची कणसं बाजूला काढल्याशिवाय कुणाकडून पोतं उचलू नका. आमच्यात नागली म्हणजे कणसरी, धान्याची देवी. नवं धान्य आलं की आधी तिला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना दाखवायचं, मग आपण खायचं. धंदा सुरू केला तेव्हा आजेसासूने एकच अट घातली, पहिल्या घाण्यातले पाच पापड विकायचे नाहीत. ते अजूनही विकत नाही.

नागली निवडा, धुवा, रात्रभर भिजवा, सावलीत खडखडीत वाळवून दळून आणा आणि वस्त्रगाळ करा. गिरणीत आपल्या आधी गहू दळलेला असेल तर आपलं पहिलं किलोभर पीठ वेगळं काढा, ते घरी भाकरीला वापरा. ग्लुटेन चालत नाही म्हणून मुद्दाम नागली घेणारी गिऱ्हाइकं असतात, त्यांच्या पापडात गव्हाचं पीठ जाता कामा नये.

आता उकड. सगळा धंदा इथे बसतो नाहीतर इथेच उठतो.

गव्हाच्या कणकेला चिकटपणा येतो तो ग्लुटेनमुळे, नागलीत ते नसतंच. म्हणून कितीही मळा, कच्चं पीठ लाटताना फाटणारच. त्यातला स्टार्च गरम पाण्यात शिजून फुगला की तोच चिकटपणा देतो, दुसरं काही नाही. एवढं डोक्यात ठेवलं की पुढच्या चुका आपोआप कमी होतात.

माप वाटीने घ्या, जेवढ्या वाट्या पीठ तेवढ्याच वाट्या पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की किलोभर पिठाला दोन पोह्याचे चमचे पापडखार, जिरं, तीळ आणि मीठ, पण मीठ हात राखून, कारण पापडखार स्वतःच खारट असतो आणि पापड वाळल्यावर चव आणखी वर येते. मग गॅस बारीक करून सगळं पीठ एकदम वर टाका आणि हात मागे घ्या. ढवळायचं नाही! लाटण्याच्या टोकाने पिठात पाच-सहा भोकं पाडा, म्हणजे खालची वाफ वरपर्यंत येते, झाकण ठेवा, दहा मिनिटं तिकडे बघू नका. मी आधी लगेच ढवळायचे, त्याने गुठळ्या व्हायच्या, प्रत्येक गुठळीच्या पोटात कोरडं पीठ, आणि ते नंतर काही केल्या शिजत नाही.

दहा मिनिटांनी लाटण्यानेच जोर लावून हाटा, मग मुठीएवढे मुटके करून चाळणीत ओल्या कापडावर ठेवून वीस मिनिटं वाफवा. बऱ्याच जणी हे दुसरं वाफवणं टाळतात, वेळ जातो म्हणून. टाळू नका. मुटका शिजला की मातकट रंग जाऊन गडद चॉकलेटी होतो, वर चकाकी येते. तरी खात्री म्हणून एक पापड दाबून उजेडासमोर धरून बघा. पांढरट ठिपके दिसले तर कच्चा आहे, सगळेच मुटके परत वाफेवर. ते ठिपके वाळताना फुटतात आणि तिथूनच चीर पडते.

माझी पहिली मोठी ऑर्डर दहा किलोची होती. एकाच पातेल्यात एकदम दहा किलोची उकड काढली, खाली करपली, मधे कच्ची, मी म्हटलं मळताना होईल सारखं. दुसऱ्या दिवशी उन्हात पापडांच्या कडा अशा उकलल्या होत्या जशी उन्हाळ्यात खाचराची जमीन. आजेसासूने एक तुकडा उचलला, दाताखाली चावला आणि म्हणाली, "कणसरीला घाई चालत नाय." तेव्हापासून एका वेळी एकच किलो.

मळायचं गरम असतानाच, ओल्या फडक्यात धरून, हाताला तेल लावून. गार झालं की ते पीठ तुमचं ऐकत नाही. आणि उकड बिघडली म्हणून मैदा, साबुदाणा किंवा खायचा सोडा घालायचे सल्ले देणाऱ्यांपासून लांब राहा. साबुदाण्याने पापड फुलतो छान, पण मग पाकिटावर तसं लिहा ना.

गोळ्या करून प्लास्टिकच्या दोन कागदांत प्रेसने दाबा, तासभर सावलीत आणि मग दोन दिवस कडक उन्हात. मोडताना कट्ट आवाज आला की वाळला. उन्हातून उचलून गरम गरम पॅक करू नका, आत घाम धरतो, रात्रभर गार होऊ द्या.

दाबायला पाड्यावरच्या बाया येतात. इर्जिक म्हणून एकमेकींकडे फुकट जायचं ते घरच्या पापडांना ठीक, विकायच्या मालाला मजुरीचा दर आधीच ठरवा, नंतर रुसवेफुगवे होतात. चुरा पोरांचा, त्यावर चर्चा नाही.

एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी करून घ्या, मी केली तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती, पाकिटावर तो चौदा आकडी नंबर, वजन, तारीख आणि हिरवा ठिपका हवा. डिझाईनवर मात्र स्वतः नजर ठेवा. आम्ही ज्याच्याकडे गेलो त्याने न विचारता वारली देवचौक छापून आणला, त्याच्या लेखी सगळे आदिवासी एकच. एक तर आम्ही वारली नाही, आणि लग्नात भिंतीवर काढायचा देवचौक फाडून कचऱ्यात जायच्या पाकिटावर? सगळी छपाई परत केली, पैसे बुडाले. आता नुसतं नागलीचं कणीस आहे.

आणि पाकिटावर एवढं नक्की लिहा, तेल कडक तापवून तळा, पाच-सहा सेकंदांत काढा. मंद तेलात सोडून "पापड कडक लागतात" म्हणून फोन करणाऱ्यांना उत्तरं देऊन मी थकलेय.