गरोदरपणातलं बीपी आणि ॲस्पिरिनची छोटी गोळी : या चुका टाळा

पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० च्या वर गेलं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया असू शकतो. पुढे झटके येण्यापर्यंत मजल जाते. धोका असलेल्या बाईला डॉक्टर आधीपासूनच कमी डोसाची ॲस्पिरिन देतात, रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम. गोळी स्वस्त आहे. घोळ होतो तो वेळेचा.

सर्वांत महागात पडते ती उशिरा सुरुवात. वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या पहिल्या चार-पाच महिन्यांतच रुंदावतात. म्हणून गोळी बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू व्हावी. सातव्या महिन्यात बीपी चढल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. मागच्या खेपेचं बीपी, मधुमेह, किडनीचा आजार, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), जुळी यांपैकी एकही असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. पहिलटकरीण, वय पस्तिशीपुढे, वजन जास्त, आई-बहिणीला हाच त्रास, यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी विचारा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात अल्सर असेल तर तेही सांगा. मनाने मात्र सुरू करू नका.

दुसरी चूक घरातूनच येते. ‘रक्त पातळ होतं, बाळाला बाधेल’ असं कुणीतरी म्हणतं आणि गोळी बंद होते. २०१७ च्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत धोका जास्त असलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम, ३६ व्या आठवड्यापर्यंत दिली. ३७ आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला, आणि नेमाने घेणाऱ्यांना फायदा जास्त झाला. बाळंतपणाला माहेरी जाताना डॉक्टर बदलतात, फाइल सासरीच राहते आणि गोळी सुटते. फाइल सोबत न्याच.

ही गोळी चढलेलं बीपी उतरवत नाही, तपासणी चुकवू नका. आधीपासून बीपीची टेल्मिसार्टन ही गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठा. ती बाळाच्या किडनीला घातक आहे, बदलून लॅबेटालॉलसारखी गोळी मिळते. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र गिळू नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज : त्याच दिवशी दवाखाना. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातही बीपी चढू शकतं. तेव्हाची डोकेदुखी जागरणावर ढकलण्याआधी बीपी मोजून घ्या.