दुर्मिळ जातीची जनावरे पाळताय? पावसाळ्याआधी कळप दोन ठिकाणी विभागा

पावसाळा तोंडावर आला की गोठ्यात ओल, चिखल, माश्या आणि गोचीड वाढतात आणि त्यांच्यामागे साथी येतात. साधे जनावर दगावले तर पोटाला चिमटा घेऊन दुसरे आणता येते. पण ज्या जातीचे मोजकेच नर उरलेत, तिथे एक वळू गेला की त्याच्या रक्ताची ओळच तुटते.

म्हणून सगळी जनावरे एकाच गोठ्यात ठेवू नका. निदान काही माद्या आणि एक नर दुसऱ्या विश्वासू पशुपालकाकडे, दूरच्या जागी ठेवा. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. हर्डविक जातीच्या बहुतेक मेंढ्या कम्ब्रिया या एकाच डोंगराळ भागात होत्या आणि तोच भाग साथीत सापडला. शेजारी रोग निघाला म्हणून निरोगी कळपही गेले. वीर्य आणि भ्रूण गोठवून ठेवण्याची धावपळ ऐन साथीत करावी लागली. तुमच्या नराचे वीर्य आजच, तो धडधाकट असताना साठवून घ्या. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षे टिकते.

दुर्मिळ जातीत सर्वांत मोठा धोका फिरत्या नराचा असतो. नर कमी, म्हणून एकच वळू गावोगावच्या गायी फळवतो आणि रोगही सोबत नेतो. ब्रुसेलोसिस म्हणजे गाभ पाडणारा, माणसालाही लागणारा जिवाणूंचा रोग. तो झालेला नर वरून ठणठणीत दिसू शकतो. रक्ततपासणीशिवाय त्याला माद्यांत सोडू नका, मालक कितीही ओळखीचा असो.

बाहेरून आलेले किंवा प्रदर्शनातून परतलेले जनावर ३० दिवस वेगळे बांधा. लाळ्या-खुरकूत साधारण २ ते १४ दिवसांत दिसतो, लम्पीला मात्र ४ आठवडेही लागू शकतात. वेगळ्या बांधलेल्या जनावराची बादली, दावे, खराटा वेगळा ठेवा. आधी आपल्या कळपाचे काम उरका, शेवटी त्याच्याकडे जा.

लसीकरण आणि जंतनाशकाचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून आत्ताच आखून घ्या. लस अंगी लागायला २-३ आठवडे लागतात. दाराशी जंतुनाशकाचे पायपुसणे ठेवाल, पण शेणाने भरलेल्या बुटावर औषध चालत नाही. आधी बूट ब्रशने घासून धुवा, मग बुडवा.

रोज सकाळी चारा टाकताना दोन मिनिटे थांबून बघा. तोंडातून लाळेची तार लोंबतेय का? एखादे पाय झटकतेय का? कातडीवर गाठ लागतेय का? गाईचा ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर तिला लगेच वेगळी करा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

गाय गाभडली तर वार आणि मेलेले वासरू उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका. हातमोजे घाला. तपासणीसाठी नमुना दिल्यानंतरच बाकीचे चुना टाकून खोल पुरा, आणि निकाल येईपर्यंत त्या गाईला कळपात सोडू नका.