डोंगरात गारठायचं नसेल तर आधी घाम आवरा

डोंगरात माणूस गारठतो तो नुसत्या पावसाने नव्हे, स्वतःच्या घामानेही. जाड जॅकेट घालून चढायला लागलात की थोड्याच वेळात आतला कपडा चिंब होतो आणि माथ्यावर वारा लागला की दात वाजू लागतात. म्हणून निघतानाच एक थर कमी ठेवा. पहिली दहा मिनिटं गार वाटेल, वाटू द्या. थांबलात की मात्र आधी जॅकेट चढवा, मग पाणी, मग फोटो. हा क्रम खरंच पाळा.

सुती टी-शर्ट आणि जीन्स नकोच. सूत पाणी धरून ठेवतं आणि ओलं झालं की ऊब देत नाही. अंगालगत लोकर किंवा पॉलिएस्टर बरं. दर १००० मीटर उंचीमागे तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं, वाऱ्याचा गारवा वेगळाच.

सॅकच्या रेन कव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कोरडे मोजे आणि एक उबदार थर तोंड बांधून ठेवा. तो चालताना काढायचा नाही.

वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर डोंगराची धार आणि एकटं झाड सोडून खाली उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तरी पुन्हा वर जाऊ नका.

सोबती गारठून अडखळू लागला, बोलताना त्याची जीभ जड झाली, तर माथा कितीही जवळ असो, त्याला आडोशाला न्या, कोरडे कपडे घाला आणि परत फिरा.